जनकाबाईच्या चंचीतला गळ

माझ्या बायकोले मासे धरायचा नाद आहे, हे मी पस्तीस वर्षं चारचौघांत कबूल केलं नाही. आज करतो. आता वय झालं, लाजायचं तरी किती.

मी नारायण. जळगाव जामोदच्या वरच्या अंगाले, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. जमीन चार एकर. दोन माझ्या नावावर, त्यात कपाशी. दोन बायकोच्या नावावर, त्यात सोयाबीन. बांधाच्या कडेनं वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर, घरात लागते ते. माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे, आईनं घातलेली. आमच्या उंबऱ्याच्या आत कधी अंडंसुद्धा आलं नाही. अन् अशा घरात जनका आली.

माझा सासरा माणिकराव. धरणावर सरकारी विश्रामगृह होतं, तिथं तो खानसामा. एक जुना साहेब तिथं सुटीले यायचा अन् वेगळ्याच तऱ्हेनं मासे धरायचा. गांडूळ नाही, कणिक नाही. बारीक गळाले कोंबड्याचं पीस दोऱ्यानं असं बांधायचं, की पाण्यात पडलं तर माशाले वाटावं माशीच पडली, नाहीतर माशाचं पिल्लू पळून राह्यलं. पिसाच्या गळाले वजन कायचं? म्हणून दोरीच जाड असते, अन् लवचिक काठीनं ती दोरी हवेत मागं-पुढं खेळवत दूर टाकायची. साहेबाची बदली झाली तवा त्यानं आपली जुनी बांबूची काठी सासऱ्याले देली. सासरा शिकला, अन् पोरगा नव्हता म्हणून म्हणा की हौस म्हणून म्हणा, त्यानं पोरीले शिकवलं. लग्नात जनका ती काठी घेऊन आली. बाकीच्या बाया कपाट आणतात.

आईनं पहिल्याच दिवशी तिले सांगितलं, मासा घरात येणार नाही अन् तुझ्या हातून मरणारही नाही. जनकानं मान हलवली. आईले वाटलं झालं, नाद सुटला. कायचा सुटते. तिनं गळाच्या टोकाचा उलटा काटा कानशीनं घासून टाकला, म्हणजे मासा सोडायले सोपं. धरणावर जायची, धरायची, पाहायची, सोडून द्यायची. दिलेला शब्द तिनं आजवर मोडला नाही अन् नादही सोडला नाही. आता अशा बाईचं तुम्ही काय करसान?

मी काय केलं ते सांगतो. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, कराले, पारावर माणसं बसली होती. त्यातला एक म्हणाला, नारायणची बायको धरणावर पाण्याले चाबकानं मारते. सगळे हसले. मीही हसलो, दात दाखवले, अन् घरी येऊन ती काठी गुडघ्यावर मोडली. एवढ्यानं भागलं नाही म्हणून चुलीत घातली. माझं डोकं तवा असंच होतं, आताही लय सुधारलं नाही. जनका समोर उभी होती. ती रडली नाही, भांडली नाही. त्याच चुलीवर तिनं भाकरी टाकल्या अन् मले वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीच्या राखेत मले काठीचे दोन पितळी जोड सापडले. काठीचे तुकडे एकमेकांत बसवायले असतात ते. बाकी सगळं जळलं होतं. ते मी उचलले, धोतराले पुसले, अन् माझ्या लोखंडी पेटीत, बैलाच्या घुंगरमाळेखाली लपवून ठेवले. काऊन ठेवले, सांगता येत नाही. फेकवले नाहीत. दोन वर्षांनी जनकानं बेटातला एक बांबू तोडला अन् पुन्हा धरणावर जायले लागली. मी काही बोललो नाही. तीही त्या काठीबद्दल यंदापर्यंत एक अक्षर बोलली नाही.

सासरा वारला त्याच्या आधी त्यानं तिच्यासाठी एक शेवटचा गळ बांधला होता. पांढरं पीस, लाल रेशमी दोरा. तो गळ ती कमरेच्या चंचीत ठेवते. टोकाले बुचाचा तुकडा लावलेला, सुपारी एका कप्प्यात अन् बाप दुसऱ्यात. तो गळ तिनं कधी पाण्यात टाकला नाही, अन् त्याचा काटाही घासला नाही. बापानं जसा देला तसा.

आमची पोरगी निशिगंधा. शिकली, नोकरीले लागली, अन् पहिल्या पगारातून तिनं मायले नवी काठी आणली. चार तुकड्यांची, चकरीवाली. मी म्हटलं, मले काही आणलं का? तर एक टॉर्च. मग तिचं लग्न झालं. जावई सागर कंपनीत, रायगड जिल्ह्यात, खाडीच्या काठाले. तिथून तिनं मायले फोनवर सांगितलं की इकडं जिताडा नावाचा मासा आहे. समुद्रातून खाडीत येते, खाडीतून नदीत चढते. पावसाळा सरला की दसऱ्या-कोजागिरीच्या सुमारास लहान माशांच्या मागं लागते, अन् पिसाच्या गळावर धावून येते. हाताएवढा मोठा.

झालं. त्या दिवसापासून जनका दरवर्षी मले विचारायची, यंदा जायचं का? आता शेतकऱ्याच्या घरात दसरा-कोजागिरी म्हणजे काय, हे तुम्हाले सांगायले पाहिजे का? सोयाबीनची सोंगणी. मजूर मिळत नाही, मळणी यंत्राचा नंबर लागत नाही, वरून ढग आला की जीव वर. त्या पंधरा दिवसांत आमच्याकडं माणूस मयतीले जायले मागं-पुढं पाह्यते, अन् ही म्हणते मासे धरायले चला. मी म्हणायचो, सोयाबीन निघू दे. सोयाबीन निघेपर्यंत दिवाळी यायची. अशी चार वर्षं गेली. खरं सांगतो, मले सोयाबीनचा आधारच होता.

यंदा मे महिन्यात निशिगंधाचा फोन आला. सागरची बदली गुजरातेत झाली, नोव्हेंबरात जायचं. म्हणजे खाडीकाठचं घर दिवाळीपर्यंतच. जनकानं फोन ठेवला अन् भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं ऑक्टोबरापर्यंत उलटली. मले काही विचारलं नाही. मले वाटलं, समजली. यंदा विचारतही नाही.

जूनमध्ये मी खत आणायले जळगाव जामोदले गेलो होतो. परत आलो तर जनकाच्या दोन एकरात पेरणी उरकलेली. आमच्या शेजारचा निवृत्ती ट्रॅक्टर घेऊन निघून राह्यला होता. मी विचारलं, सोयाबीन कोणतं पेरलं? तो म्हणाला, सोयाबीन कुठं काका, काकूनं मूग पेरायले लावला.

मूग म्हणजे दोन-सव्वादोन महिन्यांचं पीक. पोळ्याच्या सुमारास तोडून मोकळं. दसऱ्याले वावर रिकामं, थेट हरभऱ्याच्या पेरणीपर्यंत. मी जागेवरच उभा राह्यलो. बाईनं कोजागिरीसाठी जूनमध्ये वावर मोकळं करून ठेवलं होतं. माझ्या हातातलं कारणच काढून घेतलं. मी घरी जाऊन आदळआपट केली, विचारलं, मले न विचारता? ती म्हणाली, सातबारा कोणाच्या नावावर आहे ते पाहा. मी पाह्यला नाही. मले माहीत होतं.

मग पावसाळाभर घरात तेच. दुपारची झड लागली की ओसरीवर बसायची अन् गळ बांधायची. गावातल्या पांढऱ्या कोंबड्यांवर तिचा डोळा. कोणाकडं कोंबडा कापला की ही मानेची पिसं मागायले हजर. मी माळकरी माणूस, माझ्या ओसरीवर कोंबड्याची पिसं उडून राह्यली. एकवीस गळ बांधले. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात कापूस अंथरून एकेक निजवला.

निशिगंधानं तिले हसुराम नावाच्या होडीवाल्याचा नंबर देला होता. त्याच्याशी ही तासतासभर बोलायची. त्याची बोली हिले अर्धी कळे, हिची त्याले पाव, तरी दोघांचं जमे. त्यानं तिले तिथीचं गणित सांगितलं. अमावस्या-पुनवेले समुद्राचं पाणी खाडीत लय वर चढते, त्याले उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास पाणी मंद. उधाणाच्या चढत्या पाण्यासंगं जिताडा आत येते. कोजागिरीच्या दिवशी पाणी सकाळी सहाले तळाले जाईन अन् दुपारी बाराले भरीन. जनकानं कॅलेंडरवर त्रयोदशी, चतुर्दशी अन् पुनव, तिन्ही दिवसांवर हळदीची बोटं लावली. मले समजावून सांगायले लागली की तिथं नदी सकाळी वर वाहते अन् दुपारी खाली वाहते. मी म्हटलं, नदी उलटी वाहते? तुले तो होडीवाला येड्यात काढून राह्यला. अन् मी उठून बैलाले पाणी दाखवायले गेलो. ऐकलं असतं तर पुढचं घडलं नसतं.

मूग निघाला. वावर रिकामं झालं. मग जनका रोज सकाळी त्या रिकाम्या वावरात उभी राहून काठी चालवायले लागली. पाणी नाही, मासा नाही, नुसती दोरी हवेत मागं-पुढं. बांधावर एक परात ठेवायची अन् दोरीचं टोक परातीत पाडायची. रस्त्यानं जाणारी माणसं थांबायले लागली. एक दिवस पारावर एकानं मले विचारलं, नारायणराव, काकू वावराले दृष्ट लागू नये म्हणून चाबूक फिरवतात का? सगळे हसले. तेच हसणं. माणसं बदलली, काही मेली, हसणं तेच.

मी तरातरा वावरात गेलो. म्हटलं, बंद कर हे, लोक हसून राह्यले. तिनं दोरी गुंडाळली, काठी दोन्ही हातांत आडवी धरली अन् माझ्यापुढं केली.

"तवाही हसले होते," ती म्हणाली. "घ्या. मोडता का?"

चौतीस वर्षांत पहिल्यांदा. आवाज चढला नाही, डोळ्यात पाणी नाही. मी परातीपाशी गेलो, ती वाऱ्यानं सरकली होती, ती जागेवर ठेवली अन् घरी आलो.

रात्रीच्या जेवणाले तिनं सांगितलं की तिकिटं काढली आहेत. दोन. मी विचारलं, दोन कायले? ती म्हणाली, एक तुमचं, आलं मनात तर या. मी शेवटचा डाव टाकला. म्हटलं, कपाशी फुटून राह्यली, सीतादही कोण करीन? आमच्याकडं घरच्या बाईनं वावरात दहीभात शिंपडून पूजा केल्याशिवाय पहिली वेचणी होत नाही. ती म्हणाली, मी येऊन करीन, कापूस पळून जात नाही. मी गेलो. गेलो नसतो तर घरात एकटा बसून काय केलं असतं?

दसऱ्याचं सोनं वाटलं, अन् दुसऱ्या दिवशी नांदुऱ्याहून गाडीत बसलो. कल्याणले सागर मोटार घेऊन आला होता. काठी पूर्ण रस्ता तिच्या मांडीवर.

पहिल्या सकाळी हसुरामनं होडीतून खाडी फिरवली. जनका उभ्या होडीत काठी चालवत होती अन् मी होडीचा काठ धरून माळ जपत होतो. एकही मासा आला नाही. दुसऱ्या दिवशी वादळी पाऊस, घराबाहेर पाय टाकता आला नाही. ती खिडकीशी बसून डब्यातले गळ काढायची अन् ठेवायची. तिसरा दिवस पुनवेचा, शेवटचा. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी.

पहाटेच हसुरामनं आम्हाले एका कातळापाशी उतरवलं अन् होडी बांधून तोही थांबला. वर चिंचेचं झाड, खाली सपाट खडक, त्याच्याखाली पाणी अगदी तळाले गेलेलं, चिखल उघडा. जनकानं एक गळ दोरीले बांधला, डबा माझ्याकडं देला अन् म्हणाली, वर झाडापाशी ठेवा. मी पाह्यलं, पाण्यापासून दहा हात दूर चांगला कोरडा खडक आहे. आमच्या नदीत सकाळी कोरडा असलेला दगड पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोरडाच असते. आम्ही त्यावर भाकरीचं फडकं सोडतो, चपला ठेवतो, लेकरू निजवतो. वर-खाली कोण करते? तिले गळ बदलायले जवळ पडीन म्हणून मी डबा त्या खडकावर ठेवला. चांगल्या मनानं ठेवला. अन् झाडाखाली बसून हसुरामले कपाशीवरची बोंडअळी काय चीज आहे ते सांगत बसलो.

दीड-दोन तास गेले असतीन. जनकाचा गळ पाण्यातल्या मुळात अडकला अन् तुटला. ती डबा घ्यायले वळली. खडक नव्हता. म्हणजे खडक होता, त्यावर कमरेएवढं पाणी होतं. अन् पाणी उलटं वाहत होतं, समुद्राकडून डोंगराकडं, माझ्या डोळ्यांदेखत. हसुराम होडी घेऊन डबा शोधायले वरच्या अंगाले गेला. मी काठावर इकडून तिकडं धावलो. एकवीस गळ, पूर्ण पावसाळा.

जनका माझ्याकडं पाहून राह्यली होती. मी मनात म्हटलं, बोल. शिव्या दे. एकदाचा त्या जळल्या काठीचा विषयही काढ. तिनं कमरेची चंची काढली.

"नको," मी म्हणालो. "तो नको, जनका."

"बापानं पेटीत ठेवायले बांधला नव्हता," ती म्हणाली, अन् टोकावरचं बूच काढलं.

तिनं तो गळ दोरीपुढच्या तंगुसाले, म्हणजे नायलॉनच्या बारीक धाग्याले बांधला, थुंकी लावून गाठ आवळली. काठी उचलली. दोरी मागं गेली, पुढं गेली, पुन्हा मागं, अन् सरळ जाऊन झाडीच्या सावलीत पडली. वावरात परातीत पडायची तशी. पांढरं पीस पाण्याखाली दोन-तीन झटके चाललं, अन् तिथलं पाणी फुटलं.

मासा मी आधी पाह्यला नाही, काठीच पाह्यली. काठी अर्धी वाकली, चकरी ओरडायले लागली. जनका चिखलात पाय रोवून उभी. मासा हवेत उडाला, रुप्यासारखा, डोकं झटकून पुन्हा पाण्यात. पंधरा-वीस मिनिटं तिनं त्याले पळू देलं अन् आणलं, पळू देलं अन् आणलं. घाम गळत होता, पदर सुटला होता. शेवटी मासा काठापासून चार हातांवर आला अन् तिथंच आडवा झाला. हसुराम अजून वरच्या वळणावर होता.

"तंगूस घासला आहे," ती म्हणाली. "ओढला तर तुटीन. गळ जाईन त्याच्यासंगं."

मी काही विचार केला नाही. माळ अंगरख्यात खुपसली अन् उतरलो. चिखल गुडघ्यापर्यंत, पाणी छातीपर्यंत. आयुष्यात मी माशाले हात लावला नव्हता. दोन्ही हातांनी धरला. थंड, जड, सगळा ताकदीचा. त्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते हे मले कोणी सांगितलं नव्हतं, बोट फाटलं. सोडला नाही. जबड्यात लाल दोरा दिसला. काटा न घासलेला, आत रुतलेला. ओढला असता तर निघाला असता, पण पीस फाटलं असतं. मी त्या माशाले छातीशी धरून, जसं वासराच्या पायातला काटा काढतो तसा, फिरवत फिरवत तो गळ काढला. पीस अख्खं, दोरा अख्खा. जनका पाण्यात आली, माशाच्या पाठीवर एकदा हात फिरवला अन् म्हणाली, सोडा. मी हात उघडले. हसुराम तेवढ्यात आला अन् जिताडा सोडला हे पाहून कपाळाले हात लावून बसला. डबा काही सापडला नाही.

झाडाखाली जनकानं माझ्या बोटाले पदराची चिंधी बांधली. मी गळ पुसला, बूच लावलं, तिच्या चंचीत ठेवला. मग म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"जनका, त्या काठीचं..."

"त्याचे पितळी जोड तुमच्या पेटीत आहेत," ती म्हणाली. "घुंगरमाळेखाली. दर दिवाळीले मी चिंचेनं घासते अन् परत ठेवते. चौतीस वर्षं पितळ काळं पडलं नाही, तुम्ही कधी विचार केला नाही का?"

मी केला नव्हता. पेटी उघडून पाहायचो मी, दरवर्षी, अन् मले वाटे पितळ चांगलं आहे. साहेबाचं आहे म्हणून. मी तिथंच चिंचेखाली बसून रडलो, हसुरामसमोर. त्याले वाटलं बोट लय दुखून राह्यलं.

परत आलो, जनकानं सीतादही केलं, वेचणी लागली. दिवाळीच्या आधी तिनं घरातली भांडी घासायले काढली, तवा मी पेटी उघडली, ते दोन जोड बाहेर काढले अन् तिच्या शेजारी बसून चिंचेनं घासले. यंदा ते पेटीत परत ठेवले नाहीत, तिच्या चंचीत बापाच्या गळापाशी ठेवले. ती म्हणाली, कोपऱ्यात अजून काळं आहे, नीट घासा. मी पुन्हा घासले.